संगीत नाटकाचा वारसा

संगीत नाटकाचा आरंभ नांदीने होतो. तिसरी घंटा होते, धुपाचा सुगंध दरवळू लागतो आणि हात जोडून उभी राहिलेली नटमंडळी एका सुरात ईशस्तवन गाऊ लागतात. युरोपात ऑपेरा नावाचे संगीतप्रधान नाटक आहे. त्यात समूहाने गाणाऱ्यांचा निराळाच ताफा असतो. आपल्याकडे तसा ताफा नाही. नांदीच्या वेळी जी मंडळी एकत्र गातात, त्यांतीलच काही जण पुढे राजा, राणी किंवा ऋषी होऊन आपापली पदे गातात. पात्राने आपले पद आपणच गावे, ही रीत मराठी रंगभूमीवर रुजविली ती किर्लोस्कर नाटक मंडळीने.

त्यापूर्वीची रीत वेगळी होती. १८४३ साली विष्णुदास भावे यांनी सांगलीस ‘सीतास्वयंवर’ नाटकाचा प्रयोग केला. तेव्हाच्या नाटकांत पदे पुष्कळ असत. पण ती सूत्रधार आपल्या साथीदारांसह म्हणत असे. राजाला शोक झाला, तरी त्या शोकाचे पद सूत्रधाराच्या तोंडी! पद संपले म्हणजे राजा आपले भाषण करी. दुःख एकाचे आणि गळा दुसऱ्याचा, असा तो प्रकार होता.

त्याच १८४३ साली बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे बळवंत पांडुरंग किर्लोस्कर यांचा जन्म झाला. लोक त्यांना अण्णासाहेब म्हणत. पुण्यात असताना त्यांनी पारशी मंडळीचे ‘इंद्रसभा’ हे गाण्यांनी भरलेले नाटक पाहिले आणि असे नाटक मराठीत का नसावे, हा विचार त्यांच्या मनात घोळू लागला, असे सांगतात. त्यांनी कालिदासाचे ‘शाकुंतल’ मराठीत आणले. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यातील आनंदोद्भव नाट्यगृहात त्याच्या पहिल्या चार अंकांचा प्रयोग झाला. मोरोबा वाघुलीकर यांचा दुष्यंत स्वतःच्या गळ्याने गाऊ लागला, तेव्हा प्रेक्षकांना काही नवेच ऐकल्याचा आनंद झाला. कीर्तनातील साकी व दिंडी, शाहिरांची लावणी, कर्नाटकातील चाली आणि हिंदुस्थानी राग अशा अनेक झऱ्यांचे पाणी अण्णासाहेबांनी आपल्या पदांत आणले होते. १८८२ साली त्यांचे ‘सौभद्र’ रंगभूमीवर आले. आज इतक्या वर्षांनंतरही त्याचे प्रयोग होतात.

त्याच वर्षी बडोद्याहून आलेले भाऊराव कोल्हटकर मंडळीत दाखल झाले. त्या काळी स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करीत. भाऊरावांची सुभद्रा पाहण्यास लोकांची झुंबड उडे. तेव्हा ध्वनिवर्धक नव्हते. सारंगी व तबल्याच्या साथीने गाणाऱ्या नटाचा शब्द अगदी शेवटच्या रांगेपर्यंत पोहोचावा लागे, आणि प्रेक्षकांनी ‘वन्समोअर’ दिला की तेच पद पुन्हा तितक्याच तन्मयतेने गावे लागे.

परंतु गळा कितीही गोड असला, तरी तो माणसाबरोबर जातो. १८८५ साली अण्णासाहेब निवर्तले. मंडळी आता टिकणार कशी, असा प्रश्न उभा राहिला. त्यांचे शिष्य गोविंद बल्लाळ देवल यांनी नटांना तालीम दिली, नवी नाटके लिहिली. वृद्धाशी होणाऱ्या बालिकेच्या विवाहावर प्रहार करणारे त्यांचे ‘शारदा’ नाटक १८९९ साली रंगभूमीवर आले. १९०१ साली भाऊरावही गेले. तथापि तालमीची परंपरा तुटली नव्हती. १९०५ साली नारायण श्रीपाद राजहंस हा तरुण मंडळीत आला. तोच पुढे बालगंधर्व म्हणून सर्वतोमुखी झाला.

१९१३ साली बालगंधर्व, गणपतराव बोडस व गोविंदराव टेंबे यांनी वेगळी गंधर्व नाटक मंडळी काढली. १९१६ साली तिने ‘स्वयंवर’ रंगभूमीवर आणले. त्याला भास्करबुवा बखले यांनी संगीत दिले आणि रागदारीतले गाणे सामान्य माणसाच्या ओठांवर आले. १९२१ साली तर बालगंधर्व आणि ललितकलादर्श मंडळीचे केशवराव भोसले, हे दोन प्रतिस्पर्धी गायक टिळक स्वराज्य फंडासाठी ‘मानापमान’ नाटकात एकाच रंगमंचावर उभे राहिले. राष्ट्रकार्यापुढे त्यांनी आपली चुरस बाजूला ठेवली.

१९३२ साली मराठी बोलपट आला. प्रेक्षक तिकडे वळले आणि मोठमोठ्या मंडळ्यांना उतरती कळा लागली. स्वतः बालगंधर्व १९३५ साली ‘धर्मात्मा’ या बोलपटात उतरले. अशा पडत्या काळात ज्यांनी हे गाणे जतन केले, त्यांत १९४९ साली पुण्यात निघालेल्या ‘मराठी रंगभूमी’ या संस्थेचे जयराम व जयमाला शिलेदार यांची आठवण अवश्य ठेवली पाहिजे. सदाशिव पेठेतील भरत नाट्य संशोधन मंदिराचेही स्थान असेच मोठे आहे. १८९४ साली विद्यार्थ्यांच्या एका मंडळातून ही संस्था उदयास आली. दिवसा आपापला कामधंदा करणारे हौशी कलावंत संध्याकाळी तेथे जमले, वडीलधाऱ्यांकडून पदे शिकले आणि नव्यांना शिकवीत गेले.

देवळाचा दगड शेकडो वर्षे टिकतो, ग्रंथ कपाटात सुरक्षित राहतो. गाण्याचे तसे नाही. ते एका गळ्यातून दुसऱ्या गळ्यात गेले, तरच जगते. अण्णासाहेबांनी राजाला त्याचा स्वतःचा सूर दिला; तो सूर आजपर्यंत पोहोचला, याचे श्रेय मात्र शिकविणाऱ्या आणि शिकणाऱ्या असंख्य माणसांचे आहे.