संगणक मंदावला म्हणून नवा घेण्याची घाई नको

गेल्या महिन्यात आमच्या शेजारी एका संध्याकाळी मोठी धावपळ उडाली. मुलीच्या शिष्यवृत्तीच्या अर्जाचा शेवटचा दिवस, आणि घरचा आठ वर्षांचा संगणक सुरू व्हायलाच दहा मिनिटे घेई. अर्ज अखेर वडिलांच्या मोबाइलवरून कसाबसा गेला. दुसऱ्या दिवशी दुकानदार म्हणाला, "हा जुना झाला, नवाच घ्या." वडील पतपेढीतून कर्जाचा फॉर्म आणायला निघाले होते. मी त्यांना म्हटले, दोन दिवस थांबा.

संगणक नेमका कुठे अडतो, ते आधी पाहिले पाहिजे. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. त्यात सीपीयू, मेमरी व डिस्क यांचे आकडे दिसतात. शेजाऱ्यांकडे काहीच काम चालू नव्हते, तरी डिस्कचा आकडा १०० टक्क्यांवरून खाली येईना. म्हणजे दुखणे हार्ड डिस्कचे होते. तिच्यात तबकडी मिनिटाला ५४०० किंवा ७२०० वेळा फिरते आणि एक दांडी पुढेमागे सरकत माहिती शोधते. संगणक सुरू होताना हजारो लहान फायली लागतात. त्या जागोजागी पसरलेल्या असल्या की दांडीच्या येरझारा संपत नाहीत. एसएसडीमध्ये फिरणारे काहीच नसते, म्हणून ती कितीतरी पटींनी जलद चालते.

तेव्हा आम्ही २५६ जीबीची अडीच इंची एसएसडी बसवून घेतली. खर्च नव्या संगणकाच्या मानाने फारच थोडा आला. मात्र त्याआधी मुलीच्या गुणपत्रिका आणि जातीच्या दाखल्याच्या फायली पेनड्राइव्हवर उतरवल्या. डिस्क मंदावणे ही कधी कधी ती बंद पडण्याची पूर्वसूचना असते. ही काळजी पैसे नसले तरी आजच घ्यावी.

डिस्कऐवजी मेमरी भरलेली दिसली आणि रॅम ४ जीबीच असली, तर ती ८ जीबी करावी. टास्क मॅनेजरच्याच स्टार्टअप भागात आपोआप सुरू होणारे नको ते प्रोग्राम बंद करता येतात. त्याला एक पैसाही लागत नाही. 'एका क्लिकवर वेग वाढवा' अशा जाहिरातींचे सॉफ्टवेअर मात्र घरात घेऊ नये. त्यातली बरीचशी स्वतःच ओझे होतात.

आणखी एक अडचण आहे. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि पुष्कळ जुने संगणक विंडोज ११ च्या अटींत बसत नाहीत. अशा यंत्रावर लिनक्स मिंट मोफत घालता येते. अर्ज भरणे, अभ्यासाचे व्हिडिओ पाहणे, पत्र टाइप करणे ही कामे त्यावर होतात. मुले ते चार दिवसांत शिकतात. आपल्याला जरा वेळ लागतो.

शेजाऱ्यांचा संगणक आता अर्ध्या मिनिटात सुरू होतो. कर्जाचा फॉर्म आणायचा राहूनच गेला.