उकाईच्या फुगवट्यात तीन दिवस

परदेशी स्थायिक झालेल्या आपल्या मंडळींच्या पत्रांतून एका छंदाचे वर्णन अलीकडे वारंवार वाचावयास मिळते. अरण्यातील एका तळ्यातून दुसऱ्या तळ्यात होडी हाकीत जावयाचे, वाटेत जमीन आडवी आली की होडीच खांद्यावर घेऊन ती ओलांडावयाची, रात्री काठावर तंबू ठोकावयाचा आणि गळाला लागेल त्या माशावर जेवण भागवावयाचे, असा तो छंद. अमेरिकेच्या मिनेसोटा राज्यात, कॅनडाच्या सीमेलगत, हजाराहून अधिक तळ्यांचा एक प्रदेश याकरिता राखून ठेवलेला आहे. १९७८ साली त्यासाठी स्वतंत्र कायदा झाला. तेथे एका गटात नऊपेक्षा अधिक माणसे नसावीत आणि चारपेक्षा अधिक होड्या नसाव्यात, असा दंडक आहे. हे वाचून आपल्या घरातील तरुण मुले विचारतात, ‘‘आपल्याकडे असे काही का नाही?’’

सुरतेत राहणाऱ्यांनी तरी हा प्रश्न विचारू नये. शहरापासून शंभर किलोमीटरच्या आत, तापीच्या प्रवाहाच्या वरच्या अंगाला, उकाईचा जलाशय पसरलेला आहे. १९६४ च्या सुमारास धरणाचे काम हाती घेतले गेले आणि १९७२ साली ते पुरे झाले. सुमारे पाच किलोमीटर लांबीचा बांध, त्यात बावीस दरवाजे, आणि पाठीमागे पूर्ण भरला असता सहाशे चौरस किलोमीटरच्या आसपास पसरणारे पाणी. पूर्ण भरल्यावर पाण्याची पातळी ३४५ फुटांवर येते. सुरतेच्या वृत्तपत्रांत पावसाळ्यात रोज छापला जाणारा हा आकडा येथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतो. मात्र तो आकडा वाचणाऱ्यांपैकी किती जणांनी ते पाणी प्रत्यक्ष पाहिले असेल, याची शंकाच आहे.

खरे तर आम्हां मराठी कुटुंबांना हा जलाशय परका वाटण्याचे कारण नाही. तापी मध्य प्रदेशातील मुलताई येथे उगम पावते, सातपुड्याच्या पायथ्याने सारा खानदेश ओलांडते आणि मग गुजरातेत शिरते. तिच्या खोऱ्याचा फार मोठा हिस्सा महाराष्ट्रात आहे. सुरतेच्या उधना-लिंबायत भागांत आज जी हजारो खानदेशी कुटुंबे नांदत आहेत, त्यांच्या माहेरचे पाणीच या धरणात साठते. वाटेवरचा सोनगढचा किल्ला तर अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात, बडोदे राजधानी होण्यापूर्वी, गायकवाडांचे मुख्य ठाणे होता. १९६० साली द्विभाषिक मुंबई राज्याची विभागणी झाली, तेव्हा त्या वेळच्या पश्चिम खानदेश जिल्ह्यातील कित्येक गावे गुजरातेत घालण्यात आली. उकाईच्या पाण्याखाली जाणाऱ्या क्षेत्राचा विचार त्यामागे होता. नवापूर स्थानकावर गाडी अर्धी महाराष्ट्रात आणि अर्धी गुजरातेत उभी राहते, हे तापी खोऱ्याच्या रेल्वेने प्रवास करणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेलेच आहे.

या जलाशयावर गेल्या हिवाळ्यात आमची चार कुटुंबे तीन दिवस राहून आली. मोठी माणसे नऊ, मुले चार. धरणाच्या भिंतीजवळचा भाग सुरक्षेच्या कारणाने बंद असतो आणि काठावरचे बरेचसे रान वनखात्याच्या ताब्यात आहे, म्हणून परवानगीची कामे आधी उरकून घेतली. होड्या आम्ही उच्छल तालुक्याच्या बाजूने घेतल्या. परदेशी चित्रांत दिसतात तशा निमुळत्या, हलक्या होड्या येथे नव्हत्या. या होड्या फळ्या जोडून केलेल्या, बुडाला सपाट आणि सांध्यांत डांबर भरलेल्या. अशी होडी खांद्यावर घेण्याची कल्पनाही कुणी करणार नाही. तशी गरजही पडत नाही, कारण येथे पाणी एकच आहे. ते डोंगरांच्या मधल्या घळींत इतके आत आत शिरले आहे की, एका वळणानंतर मागचा मोठा विस्तार दिसेनासा होतो आणि आपण एखाद्या लहानशा, एकाकी तळ्यात आलो असे वाटू लागते. पुन्हा एखादे वळण घ्यावे, तो समोर नजर पोहोचणार नाही एवढे पाणी!

मुख्य होडी चालविणारे गृहस्थ गामीत समाजातील, साठी ओलांडलेले होते. मुलांनी त्यांना पहिल्याच तासात ‘काका’ करून टाकले. ते आमच्याशी गुजराती बोलत, मध्येच खानदेशी मराठीवर येत आणि दुसऱ्या होडीतील आपल्या पुतण्याशी गामीत बोलीत बोलत. त्यांनी पहिला नियम सांगितला तो वाऱ्याचा. सकाळी पाणी आरशासारखे असते, पण दुपारी वारा सुटला म्हणजे उघड्या पाण्यावर थांबावयाचे नाही. वाऱ्याला मोकळे पाणी जितके लांबवर मिळते तितक्या लाटा मोठ्या होतात. घळीत ज्या वाऱ्याने पाण्यावर नुसती सुरकुती उठते, तोच वारा मधल्या विस्तारावर सपाट बुडाची होडी भरून टाकतो. त्यामुळे आमचा दिनक्रम ठरून गेला. उजाडताच निघावे, अकराच्या आत काठ गाठावा, दुपार झाडाखाली काढावी आणि वारा पडल्यावर संध्याकाळी थोडे हिंडावे. दुसरा नियम बुडालेल्या झाडांचा. पाण्याखाली गेलेल्या रानातील कित्येक खोडे अजून उभी आहेत. पातळी उतरू लागली की ती पृष्ठभागाच्या हातभर खाली येतात आणि नवख्या माणसाला दिसत नाहीत. काकांच्या लेखी मात्र ती सगळी ओळखीची होती.

मासेमारीचा आमचा उत्साह मोठा आणि मिळकत बेताची झाली. गळाला गांडूळ लावून आणि कणकेचे गोळे लावून मुलांनी दोन दिवसांत पाचसात लहान मासे काढले. खरी मासेमारी जाळ्याची. सूर्यास्ताच्या आधी होडीतून लांबच लांब जाळे पाण्यात उभे सोडावयाचे, वर तरंगण्यासाठी हलके गोळे आणि खाली वजने. माशाचे डोके आसात शिरते, कल्ल्यांशी दोरा अडकतो आणि मग त्याला पुढेही जाता येत नाही व मागेही फिरता येत नाही. आसाचा आकार जेवढा, तेवढाच मासा अडकतो. म्हणूनच बारीक आसाचे जाळे वापरणे म्हणजे उद्याच्या माशाची पिले आज खाऊन टाकणे होय, हे काकांनी कुणी न विचारताच सांगितले. पहाटे जाळे ओढले, तेव्हा त्यात कटला, रोहू आणि मृगळ या जातींचे मासे होते.

या माशांची एक गंमत वाचकांना सांगण्याजोगी आहे. कटला, रोहू, मृगळ हे मासे साचलेल्या पाण्यात वाढतात उत्तम, पण सहसा तेथे अंडी घालीत नाहीत. पावसाळ्यातील नदीचा वाहता पूर त्यांना लागतो. म्हणून पूर्वी नद्यांतून त्यांचे बीज गोळा करावे लागे. १९५७ च्या जुलै महिन्यात डॉ. हिरालाल चौधरी यांनी ओडिशात माशांना मस्तिष्कग्रंथीच्या अर्काचे इंजेक्शन देऊन त्यांचे प्रजनन घडवून आणले आणि बंदिस्त पाण्यात हवे तेवढे मत्स्यबीज तयार करण्याची वाट मोकळी झाली. त्या दिवसाच्या स्मरणार्थ १० जुलै हा आपल्या देशात मत्स्यशेतकरी दिन म्हणून पाळला जातो. आज धरणाधरणांतून बोटुकली सोडली जाते, त्यामागे हा शोध आहे. उकाईत अलीकडे पाण्यात तरंगते पिंजरे बांधून त्यांत मासे वाढविण्याचे कामही आदिवासी सहकारी मंडळ्यांमार्फत चालते.

त्या सकाळी तीन दगडांच्या चुलीवर मासे शिजले. आमच्यातील दोन कुटुंबे शाकाहारी. त्यांच्यासाठी उडदाची डाळ आणि नागलीची भाकरी होती, आणि ती खाण्यास मासे खाणारेही पुढे सरसावले. नुसती सहल म्हणून पाहिले तर हे तीन दिवस कुणालाही हेवा वाटावा असेच होते. पाणकावळे पंख पसरून खोडांवर वाळत बसलेले, खंड्या सूर मारताना, रात्री माथ्यावर सुरतेत कधी न दिसणारे तारे, आणि पलीकडच्या काठावर एखाददुसरा दिवा. आमच्या बरोबरच्या एक आजी, वय वर्षे एकाहत्तर, तिसऱ्या दिवशी स्वतः वल्हे हाती घेऊन बसल्या होत्या.

परंतु दुसऱ्या दिवशी जे घडले त्याने या सहलीचा अर्थ आम्हांला थोडा बदलून दिला. उघड्या पाण्याच्या मध्यावर काकांनी वल्ही थांबविली. डावीकडच्या डोंगराचे टोक आणि उजवीकडचा एक उंच कडा यांची रेघ त्यांनी डोळ्यांनी जुळवून पाहिली आणि म्हणाले, ‘‘इथं आमचं खळं होतं. त्याच्या पलीकडं आंब्याची झाडं.’’ त्यांच्या गावात पाणी शिरले तेव्हा ते आठनऊ वर्षांचे होते. मुलांनी होडीच्या कडेवरून वाकून खाली पाहिले. हिरवट पाण्यावाचून काही दिसले नाही. ‘‘मग तुम्ही कुठे गेलात?’’ सर्वांत लहान मुलीने विचारले. ‘‘वर,’’ असे म्हणून त्यांनी डोंगराकडे बोट केले आणि पुन्हा वल्ही मारू लागले.

उकाईच्या पाण्याखाली सुमारे १७० गावांची जमीन पूर्णतः वा अंशतः गेली. त्यांत बहुसंख्य वस्ती गामीत, वसावा, भिल्ल, मावची अशा आदिवासी समाजांची होती. नदीकाठची काळी जमीन गेली आणि कित्येकांच्या वाट्याला उतारावरची मुरमाड जमीन आली. जे पिढ्यान्‌पिढ्या नांगर धरीत आले होते, त्यांच्यातील अनेकांनी त्याच पाण्यावर जाळे टाकावयास शिकून घेतले. उन्हाळ्यात पातळी उतरली की गाळाची जमीन उघडी पडते. तिच्यात काठावरचे लोक जे पीक घेतात त्याला आपल्याकडे गाळपेरा म्हणतात. पाणी लवकर चढले तर ते पीक हातचे जाते. कधी स्वतःच्या बापजाद्यांचेच शेत चार महिन्यांपुरते असे परत मिळते, आणि पाऊस येताच पुन्हा जाते.

हे सांगण्यात धरणाचा निषेध करण्याचा हेतू नाही. याच पाण्यावर दक्षिण गुजरातेतील ऊस आणि भात उभा आहे, तीनशे मेगॅवॉट जलविद्युतीची येथे सोय आहे, आणि आपल्या नळाला येणारे पाणीही तापीचेच आहे. १९६८ सालचा महापूर ज्यांना आठवतो ते या भिंतीचे मोल जाणतात. त्याचबरोबर ऑगस्ट २००६ मध्ये याच धरणातून सुमारे नऊ लाख क्यूसेक पाणी सोडावे लागले आणि सुरतेचा बहुतेक भाग पाण्याखाली गेला, हेही आपण विसरलेलो नाही. त्या दिवसांत गच्चीवर बसून आपण आपले घर बुडताना पाहिले. आपले पाणी चार दिवसांनी ओसरले. काकांच्या गावचे पाणी ओसरले नाही, एवढाच काय तो फरक; पण तो लहान नव्हे.

मिनेसोटातील ज्या तळ्यांचा आरंभी उल्लेख केला, तीही निर्मनुष्य नव्हती. भूर्जवृक्षाच्या सालीच्या हलक्या होड्या करून ओजिब्वे लोक त्या तळ्यांतून पूर्वापार वावरत आले. आज ज्या वाटांवरून सहलकरी होडी वाहून नेतात, त्यांतील कित्येक त्यांच्याच पायांनी पडलेल्या आहेत. तेव्हा ‘निर्जन’ म्हणून ज्या पाण्याकडे आपण मोठ्या हौसेने जातो, ते बहुधा कुणाचे तरी अंगण असते.

कुणास असा बेत करावयाचा असेल तर दोन गोष्टी आग्रहाने सांगाव्याशा वाटतात. पहिली सुरक्षिततेची. १८ जानेवारी २०२४ रोजी बडोद्याच्या हरणी तलावात शाळेच्या सहलीची होडी उलटली आणि बारा मुले व दोन शिक्षिका प्राणास मुकल्या. होडीत क्षमतेहून अधिक माणसे होती आणि बहुतेकांच्या अंगात तरंगजाकिटे नव्हती. हे शहरातील तलावात घडले. उकाईच्या विस्तारावर तर मदत पोहोचण्यास तास लागतील. म्हणून जाकिटे आपली आपण न्यावीत, माणशी एक, आणि ती होडीत न ठेवता अंगात घालावीत. होडीवाला ‘आज नको’ म्हणाला तर त्यास अधिक पैशांचे आमिष दाखवू नये. पावसाळ्यात व भर उन्हाळ्यात जाऊ नये. कार्तिक ते माघ हे महिने उत्तम. पोहावयाचे झाल्यास जागा स्थानिकांना विचारूनच ठरवावी.

दुसरी गोष्ट वागणुकीची. लावलेल्या जाळ्यावरून होडी नेऊ नये. एक जाळे फाटले तर एका घराची आठवड्याची कमाई जाते. गाळपेऱ्याच्या शेतात तंबू ठोकू नये. मासे विकत घ्यावेत ते काठावरच्या माणसाकडून, आणि शहरातील भावाची घासाघीस तेथे करू नये. आणलेला कचरा, विशेषतः प्लॅस्टिक, परत न्यावा, कारण ते पाणी वाहत वाहत आपल्याच घरी येणार आहे.

या सगळ्याहून महत्त्वाचे म्हणजे मुलांना बरोबर न्यावे, आणि होडी चालविणाऱ्याशी त्यांना बोलू द्यावे. आमच्या घरी आता पावसाळ्यात वर्तमानपत्रातील पातळीचा आकडा मुले मोठ्याने वाचतात, आणि त्यांचा पहिला प्रश्न असतो, काकांचा गाळपेरा निघाला असेल का?