कशेळीच्या सड्यावरचा हत्ती

रत्नागिरीहून पावस, पूर्णगड, गावखडी करत समुद्राच्या बाजूबाजूने निघालं की राजापूर तालुक्यातलं कशेळी लागतं. बहुतेकांची गाडी कनकादित्याच्या देवळापाशी थांबते. सूर्याचं जुनं देऊळ, शिलाहार राजा भोजाचा ताम्रपट, रथसप्तमीचा उत्सव, यावर पुष्कळ लिहून झालं आहे. देवदर्शन झालं, आडिवऱ्याच्या महाकालीची ओटी भरली की मंडळी पुढे निघतात. याच गावाच्या सड्यावर कातळात कोरलेला अवाढव्य हत्ती आहे, त्याच्यापर्यंत जाणारे मात्र अजून थोडेच.

सडा म्हणजे जांभ्या दगडाचं उघडंबोडकं पठार. माडापोफळींचं कोकण इथे संपतं. झाड नाही, सावली नाही, पायाखाली काळवंडलेला खडबडीत कातळ आणि चालताना कपड्यांत रुतणारी कुसळं. वाट विचारत जावं लागतं आणि पाणी आपलं आपण न्यावं लागतं. कोकणात साहस म्हणजे समुद्रातले खेळ, असं समजणाऱ्यांनी एकदा सड्यावर तंगडतोड करून पाहावी.

आम्हाला वाट दाखवायला गुरं चारणारे एक आजोबा मिळाले. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी चिरेखाणीत काढलेली. ऊन डोक्यावर होतं. "आता काय दिसायचं नाय. उन्हं कलू देत," ते म्हणाले आणि खुशाल बसले. त्यांचं म्हणणं शब्दशः खरं होतं. भर उन्हात नुसते ओरखडे वाटत होते. ऊन तिरपं झालं, खाचांत सावली भरली आणि समोरच्या कातळावर सोंड उमटली, मग पाठ, मग पाय. सुमारे १८ मीटर लांबीचा हत्ती! त्याच्या बाह्यरेषेच्या आत आणखी कितीतरी प्राणी आहेत. जमिनीवरचे आहेत, पाण्यातलेही आहेत. समुद्रावर जाणारी माणसं त्यात मुशी आणि पाकट बोटाने दाखवतात.

आजोबांना प्राण्यांपेक्षा खाचेचं कौतुक. चिरा खाणीतून निघतो तेव्हा ओला, मऊ असतो. हवा लागली की घट्ट होत जातो. पण सड्याचा वरचा थर युगानुयुगं ऊनपाऊस खाऊन लोखंडासारखा झालेला. "ह्या थराला टिकाव मारला तर हाताला झिणझिण्या येतात. आणि त्यांच्याकडं लोखंड तरी होतं काय?" एवढं म्हणून त्यांनी हत्तीच्या पाठीच्या रेषेवरून बोट फिरवत नेलं. रेषा कुठे डगमगलेली नाही, कुठे दुसऱ्यांदा सुरू केलेली नाही. मग त्यांनी जो प्रश्न काढला, त्याने मला अजून सोडलेलं नाही. कोरणारा बसला असेल कातळावरच. त्याच्या डोळ्यांसमोर एका वेळी फार तर एक पाय, सोंडेचं एखादं वळण. अख्खा हत्ती दिसावा इतकं उंच काही जवळपास नाही. मग एवढ्या आकाराचं प्रमाण त्याने साधलं कसं? दोरी लावली असेल, पावलं मोजली असतील, पुष्कळांनी मिळून आखणी केली असेल. आजोबांचं उत्तर सरळ होतं. "हत्ती पोटात बसल्याशिवाय असा हात चालत नाय."

अशी चित्रं आणखीही सड्यांवर आहेत आणि गावोगावी ती पांडवांच्या नावावर आहेत. वनवासात आले, एका रात्रीत कोरून गेले. आजोबा तेही मानतात. मला त्यात विसंगती वाटली नाही. कोणी कोरली हे ठाऊक नसतानाही त्यांच्याशी नातं ठेवायची ही गावाची रीत आहे, आणि त्या आदरापोटीच पुष्कळ चित्रांवर कोणी पहार चालवली नाही.

सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि प्रा. सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी सडे पायी तुडवले, गुराख्यांना, शेतकऱ्यांना विचारलं, आणि रत्नागिरी जिल्ह्यात ७० च्या आसपास ठिकाणी हजाराहून अधिक आकृत्या उजेडात आल्या. त्यांत आज कोकणात नसलेला गेंडाही आहे. चित्रांत शिकारीचे, पाण्यातले प्राणी आहेत पण शेतीची खूण नाही, म्हणून ती शेतीच्या आधीच्या, काही हजार वर्षांपूर्वीच्या माणसांची असावीत, असा अभ्यासकांचा तर्क आहे. २०२२ मध्ये कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे, जांभरूण, उक्षी, सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं फणसायमळ ही नऊ ठिकाणं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली.

यादीत नाव गेल्याने कातळ वाचत नाही. आजवर सडा वाचला तो कोणाला नको होता म्हणून. आता तिथे सुरुंगाने खड्डे काढून, बाहेरची माती भरून हापूसची कलमं लावतात, चिरेखाणी पसरतात, रस्ते जातात. बारसूच्या सड्यावर तेलशुद्धीकरण प्रकल्पाचा वाद पेटला, तेव्हा कुठे शहरांतल्या लोकांनी 'कातळशिल्प' हा शब्द ऐकला. आणि सडा काही ओसाड नाही. पावसाळ्यात सीतेची आसवं, पांढरी दीपकाडी अशा फुलांनी तो भरतो. सरकारी कागदांवर मात्र तो 'पडीक', आणि पडीक म्हटलं की कोणीही यावं आणि खणावं. याचा मला राग येतो.

उक्षीच्या गावकऱ्यांनी वेगळी वाट धरली. तिथल्या हत्तीभोवती गोल कठडा आणि उंचावर उभं राहून पाहायची सोय झाली आहे. अख्खा हत्ती एका नजरेत दिसतो आणि त्याच्यावर कोणाचा पाय पडत नाही. कशेळीतही अशी सोय झाली पाहिजे. शिमग्याच्या आत, गवत वाळून खाली बसल्यावर जा. सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावर. चपला बाहेर काढा, रेषांत खडू किंवा चुना भरू नका, आणि वाट दाखवणाऱ्याला त्याच्या वेळेचे पैसे द्या.