खुडूक कोंबडी

रायपूरचा सदर बाजार सोन्याचांदीच्या पेढ्यांसाठी ओळखला जातो. मोठी अडचण आली की अनेक घरांतील दागिना अखेर अशाच एखाद्या बाजाराची वाट धरतो. पण औषधपाण्याला किंवा मुलांच्या वह्यापुस्तकांना थोडेच पैसे कमी पडले, तर खेड्यातील गृहिणी दागिन्याला हात लावत नाही. ती परसातील कोंबडी विकून वेळ भागवते. छत्तीसगड असो वा विदर्भ, गरीब कुटुंबाची ही चालती-फिरती शिल्लकच होय. ही शिल्लक वाढते ती खुडूक कोंबडीमुळे.

गावरान कोंबडी दहा-पंधरा अंडी घालते आणि मग एके दिवशी जागेवरून उठेनाशी होते. पिसे फुलवून ती बसून राहते, हात जवळ नेल्यास चोच मारते, खाणेपिणे कमी करते आणि अंडी घालणेही थांबवते. अशी कोंबडी खुडूक झाली असे म्हणतात. हा आजार नव्हे. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून प्रोलॅक्टिन नावाचे संप्रेरक अधिक प्रमाणात स्रवू लागते व कोंबडीला अंडी उबवण्याची ओढ लागते. तिच्या पोटाखालची पिसेही गळतात. त्यामुळे अंगाची ऊब अंड्यांना थेट मिळते.

अशा वेळी पिल्ले हवीत की अंडी, हे आधी ठरवावे लागते.

पिल्ले हवी असतील, तर कोंबडीला वेगळ्या जागी बसवणे हिताचे असते. सर्वांच्या खुराड्यात इतर कोंबड्या तिच्याच जागेत अंडी घालतात. नवी-जुनी अंडी मिसळतात, ढकलाढकलीत काही फुटतात. मांजर, मुंगूस व साप यांचेही भय असते. म्हणून शांत, काहीशी अंधारी पण हवेशीर जागा निवडावी. पसरट टोपलीत भाताचा पेंढा घालून मध्ये खळगा करावा. कोंबडी दिवसा हलवल्यास ती बिथरते आणि जुन्या जागी परत धावते. म्हणून रात्री, अंधारात, दोन्ही हातांनी अलगद उचलून तिला नव्या जागी ठेवावे. सुरुवातीला तिच्याखाली दोन-तीन साधी अंडी ठेवून वर डालगे झाकावे. एक-दोन दिवसांत ती स्थिरावली, की पुढच्या रात्री उबवायची दहा-बारा अंडी एकाच वेळी ठेवावीत. ही अंडी कोंबडा असलेल्या कळपातील व शक्यतो आठवड्याच्या आतली असावीत. त्यांवर पेन्सिलीने खूण केल्यास नंतर पडलेले अंडे ओळखता येते.

दाणापाणी जवळच ठेवावे. कोंबडी दिवसातून एकदा थोडा वेळ उठते, खाते, विष्ठा टाकते आणि परतते. तेवढ्याने अंडी बिघडत नाहीत. सातव्या-आठव्या दिवशी अंधारात अंड्यामागे बॅटरी धरून पाहावे. आत लाल शिरांचे जाळे दिसले तर जीव धरला आहे असे समजावे. स्वच्छ दिसणारे अंडे काढून टाकावे. एकविसाव्या दिवसाच्या सुमारास पिल्ले बाहेर येतात.

पिल्ले नको असतील, तर कोंबडीला पाण्यात बुडवणे किंवा उपाशी ठेवणे हे क्रूरपणाचे व अनावश्यक आहे. अंडी लगेच उचलावीत. जमिनीपासून उंच ठेवलेल्या, खालून हवा खेळेल अशा जाळीच्या किंवा बांबूच्या पिंजऱ्यात तिला उजेडात ठेवावे. दाणापाणी भरपूर द्यावे, पेंढा मात्र घालू नये. पोटाला गारवा मिळाला की बहुधा तीन-चार दिवसांत ती ओढ ओसरते आणि काही दिवसांनी कोंबडी पुन्हा अंड्यावर येते.

खुडूक कोंबडी परकी अंडीही मायेने उबवते. मध्य प्रदेशातील झाबुआच्या कडकनाथ कोंबड्यांच्या मांसाला 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. छत्तीसगडमधील दंतेवाडा भागातही त्या पाळल्या जातात. या जातीच्या कोंबड्या स्वतः क्वचितच अंड्यांवर बसतात. त्यामुळे यंत्र नसेल तेथे त्यांची अंडी गावरान कोंबडीखाली ठेवतात.

अंडी देत नाही म्हणून खुडूक कोंबडी विकून टाकणारी घरे आजही आढळतात. त्या दिवशी हाती पैसे येतात खरे. पण तिला एकवीस दिवस नीट बसवले असते, तर एका कोंबडीच्या जागी पिल्लांचा कळप परसात चरू लागला असता.