पेसमेकर, मद्य आणि सोलापूरचा उन्हाळा

पेसमेकर म्हणजे छातीच्या वरच्या भागात कातडीखाली बसवलेले, हृदयाचे ठोके मंदावताच सूक्ष्म विद्युतस्पंद देणारे यंत्र होय. १९५८ मध्ये स्वीडनमध्ये ते प्रथम मानवी शरीरात बसवले गेले. मद्याने हे यंत्र बिघडत नाही, परंतु त्यावरून मद्यपान निर्धोक मानणे ही घातक चूक ठरते, कारण यंत्र केवळ मंद गती सावरते. अतिमद्यपानामुळे उद्भवणारे अलिंदकंपन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची अनियमित थरथर, आणि हृदयस्नायूंचा अशक्तपणा ते रोखू शकत नाही. सोलापुरात एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो, तेव्हा मद्यामुळे लघवीचे प्रमाण वाढून शरीरातील पाणी आणखी घटते, रक्तदाब उतरतो आणि भोवळ येऊ शकते. वॉरफरिनसारखी, रक्त गोठू न देणारी गोळी चालू असल्यास रक्तस्रावाचा धोकाही वाढतो. हातभट्टीची दारू तर विषारी मिथेनॉलच्या शक्यतेमुळे सर्वांनीच वर्ज्य मानावी, विडी-तंबाखूही सोडावी. या शहरात यंत्रमागावर राबणारे हात पुष्कळ आहेत, म्हणून पेसमेकरच्या कामात चुंबकीय अडथळा येऊ नये यासाठी मागाच्या चालू मोटारीवर छाती टेकवून वाकू नये, मोबाइल पेसमेकरपासून किमान १५ सेंटिमीटर दूर धरावा आणि कामावर परतण्यापूर्वी कामाचे नेमके स्वरूप हृदयरोगतज्ज्ञांना अवश्य सांगावे.