ताणत्या कापडाचे ठिगळ

साडीला फॉल लावून तिच्या काठाला पिको करून देणारी जी चिंचोळी दुकाने पुण्याच्या पेठांतून बोळाबोळांत आढळतात, त्यांच्या दर्शनी पाटीवर सायकलस्वारांच्या पोशाखाचा उल्लेख कोठेही नसतो. आणि तरीही, दिवे घाटाच्या उतारावर खडीवरून घसरून ज्याची तंग चड्डी मांडीवर फाटली आहे, अशा स्वाराने ती दुरुस्तीला कोठे न्यावी असे मला कोणी विचारले, तर मी निःशंकपणे याच दुकानांचा हवाला देईन. शिंप्याचे नेहमीचे काळे यंत्र सरळ रेषेत टीप घालते. पिकोच्या यंत्राची सुई पुढे सरकता सरकता डावी-उजवीकडे झुलते, आणि ताणल्या जाणाऱ्या कापडाच्या शिवणीचे सारे मर्म त्या झुलण्यात आहे.

हे कापड जन्माने प्रयोगशाळेतले. 1958 साली अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात ड्यूपाँट कंपनीचे रसायनज्ञ जोसेफ शिव्हर्स यांनी, स्त्रियांच्या तंग अंतर्वस्त्रांत तोवर वापरात असलेल्या रबराला पर्याय म्हणून जो तंतू सिद्ध केला, तो मूळ लांबीच्या पाच-सहापट ताणून सोडला तरी पूर्वस्थितीला येई. लायक्रा या व्यापारी नावाने तो बाजारात आला, आणि सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात युरोपातील शर्यतपटूंच्या अंगावर चढला. त्यापूर्वीचे शर्यतपटू लोकरीच्या विणलेल्या चड्ड्या वापरीत. त्यांच्या बैठकीला आतून खरेखुरे कातडे शिवलेले असे, आणि धुऊन वाळल्यावर ते ताठ होई म्हणून त्याला मलम चोळीत बसण्याचा दस्तूर होता. कातड्याच्या जागी आता फोमची गादी आली आहे, लोकरीच्या जागी नायलॉन, आणि त्या नायलॉनात पुष्कळदा पाचव्या हिश्श्याइतका हा ताणता तंतू मिसळलेला असतो. प्रगती झाली यात संशय नाही. पण लोकरीची चड्डी विरली तर घरातले कोणीही ती सुईदोऱ्याने सांधू शके, ती सोय मात्र या नव्या व्यवस्थेत उरली नाही.

अशाच एका दुकानात ज्या दुरुस्तीच्या वेळी मी शेजारी स्टूल टाकून बसलो होतो, तिचा विषय खांद्यावरून पट्टे जाणारी एक काळी बिब-शॉर्ट होती. दुकानाच्या मालकीणबाईंनी ती उलटसुलट करून, ट्यूबलाइटखाली धरून, एखाद्या फौजदाराने पंचनामा करावा तशा बारकाईने तपासली. मांडीच्या बाहेरच्या अंगाला रुपयाच्या नाण्याहून थोडे मोठे भोक होते, आणि ते वर्तुळाकार होते. कारण ताणता तंतू तुटला की त्याची टोके कापडाच्या आत मागे सरतात आणि लहानशी चीरही डोळा वटारल्यासारखी उघडते. भोकाच्या कडेवर बाईंनी नख फिरवले तेव्हा खरखर असा आवाज आला. डांबरावर घासताना उत्पन्न झालेल्या उष्णतेने नायलॉन वितळून त्याची चकचकीत, टणक अशी कड तयार झाली होती. बाईंनी लहान कातर घेतली आणि ती कड गोलाकार कापून काढण्यास प्रारंभ केला, त्यासरशी ती चड्डी घेऊन आलेला आणि आतापर्यंत अदबीने उभा असलेला तरुण अस्वस्थ झाला.

"अहो काकू, भोक मोठं होतंय!"

"होऊ द्या. ही कड आत राहिली तर मांडी सोलून निघेल तुमची, मग माझ्याकडे नाही, डॉक्टरकडे जावं लागेल."

यानंतर यंत्राची सुई बदलण्यात आली. सुती कापडाची अणकुचीदार सुई येथे घातक ठरते. हे कापड उभ्या-आडव्या धाग्यांचे नसून एकमेकांत गुंतलेल्या फासांचे असते, आणि तीक्ष्ण टोकाने त्यातला एक फास छेदला गेला की काही कापडांत शेजारचे फास ओळीने सुटत जातात. होजिअरीच्या सुईचे टोक किंचित गोलसर असते. ते फासांना बाजूला सारून त्यांच्या मधून वाट काढते. दोरा पॉलिएस्टरचा. सुती दोऱ्याची रिळे बाईंपाशी पुष्कळ आहेत, पण या कामाला त्यांनी त्यांना हात लावला नाही, सबब विचारण्याचेही कारण पडले नाही.

ठिगळासाठी त्यांनी एका जुन्या, बाद झालेल्या चड्डीचा तुकडा काढला. तो कापण्यापूर्वी त्यांनी दोन्ही हातांनी आधी आडवा, मग उभा, मग पुन्हा आडवा असा ताणून पाहिला, कारण असे कापड बहुधा एका दिशेला अधिक देते, आणि ठिगळाची दिशा मूळ कापडाच्या दिशेशी जुळली नाही तर प्रत्येक पायडलागणिक दोघांची ओढाताण होत राहते. तुकडा त्यांनी लंबवर्तुळाकार कापला. कोपरा ठेवला की ताण तेथे एकवटतो आणि ठिगळ तेथूनच उसवू लागते. तो आतून लावावा, म्हणजे बाहेरून कमी दिसेल, अशी त्या तरुणाची सूचना होती. बाईंनी ती फेटाळली आणि तुकडा बाहेरून बसविला. आतली उठावदार शिवण कातडीला काचते, बाहेरची केवळ लोकांच्या डोळ्यांना. या दोन तक्रारींपैकी कोणती गंभीर, याचा फैसला त्यांनी फारसा ऊहापोह न करता केला, आणि माझ्या मते तो योग्यच होता.

कच्चे टाके घातल्यावर कापडाखाली पतंगाचा पातळ कागद सरकविला गेला, एरवी हे लवचीक कापड सुईबरोबर खालच्या छिद्रात ओढले जाते आणि टाके सुटतात. यंत्राच्या पायाचा दाब कमी केला. आणि मग ज्या गोष्टीची मला अपेक्षा नव्हती ती मी पाहिली: बाईंनी कापड ओढले नाही. दोन्ही तळवे त्यावर नुसते टेकवलेले होते, कापड आपल्या चालीने पुढे जात होते. शिवताना ते जरा जरी ओढले, तर सुटल्यावर शिवणीची कड कुरडईसारखी वेडीवाकडी उठते आणि कशानेही बसत नाही.

त्या झुलत्या टाक्याचा हिशेब मी नंतर कागदावर मांडला. टाक्याची रुंदी 4 मिलिमीटर आणि पुढची चाल 2 मिलिमीटर ठेवली, तर 2 मिलिमीटर कापडामागे सुमारे साडेचार मिलिमीटर दोरा तिरपा पडून असतो. कापड ताणले की तो तिरपेपणा सरळ होत जातो, आणि दोऱ्यावर ताण येण्यापूर्वी कापडाला पुष्कळ मोकळीक मिळते. सरळ टिपेत अशी शिल्लकच नसते. रफूगाराचे जे कसब आपल्याकडे वाखाणले जाते, म्हणजे त्याच कापडातला धागा काढून तो उभा-आडवा असा विणायचा की फाटल्याची खूण उरू नये, ते शालीला आणि सुटाला शोभते. येथे तसे घट्ट विणकाम केले तर तेवढाच भाग ताठ राहील, बाकीचे कापड ताणेल, आणि पुढची फाट नेमकी रफूच्या सीमेवर पडेल. भक्कमपणा हा ज्या कारागिरीत आजवर गुण गणला गेला, तिच्यातील माणसाला या कामी हात सैल सोडण्याची नवी सवय लावून घ्यावी लागते, आणि अनेक नामांकित शिंपी हे काम परत पाठवितात त्याचे एक कारण, मला वाटते, यंत्राइतकेच हेही असावे.

शिवून झाल्यावर कागद फाडून काढला, आणि ठिगळाचा भाग लोणच्याच्या रिकाम्या बरणीच्या तोंडावर चढवून बाईंनी चारी बाजूंनी खाली ओढला. दोरा तुटला असता तर 'कट' असा आवाज आला असता, असे त्यांनी सांगितले. तो आला नाही.

तरुणाने पिशवीतून दुसरीही एक चड्डी काढली. तिची गादीच्या कडेची शिवण उसवली होती आणि बैठकीवर एक चीर होती. शिवण त्यांनी घेतली, चीर नाकारली. 200 किलोमीटरच्या ब्रेव्हेला, म्हणजे ठरल्या वेळात पुरी करावयाच्या लांब पल्ल्याच्या सायकलफेरीला, साडेतेरा तासांची मुदत असते. त्यांपैकी दहा तास जरी मिनिटाला 80 फेऱ्यांप्रमाणे पाय चालले, तरी 48,000 फेरे होतात, आणि तितक्या वेळा बसण्याच्या हाडाखाली ठिगळाची कड घासली गेली तर काय होईल, याची कल्पना ज्याने एकदा सायकलवर लांबचा पल्ला मारला आहे त्याला करून द्यावी लागत नाही.

पण बाईंच्या नकाराला आणखी एक आधार होता. बैठकीचे ते कापड त्यांनी दिव्यासमोर ताणून धरले, तेव्हा पलीकडची ट्यूब स्पष्ट दिसली आणि काळ्या पृष्ठभागावर बारीक पांढरी टोके वर आलेली दिसली. ती तुटलेल्या ताणत्या तंतूंची होती. ऊन, घाम, गरम पाणी, इस्त्री, पोहण्याच्या तलावातले क्लोरीन, यांनी तो तंतू हळूहळू जीर्ण होतो, आणि एकदा तो गेला की शिवायला कापड उरत नाही, उरते ती नुसती नायलॉनची जाळी. "हिला आता काही करू नका," त्या म्हणाल्या, "सावलीत वाळवली असती तर आणखी चालली असती." मग तिच्या दोन्ही मांड्यांचे कापड अद्याप शाबूत आहे अशी खात्री करून घेऊन त्यांनी तजवीज सुचविली की, शिवण-बिवण राहू द्या, ही चड्डी तुकड्यांसाठी इथेच ठेवून जा, पहिलीच्या मजुरीतले वीस रुपये मी कमी करते. तरुणाने तीस मागितले. व्यवहार पंचविसावर तुटला.