ट्राउट राहू द्या, आपला महसीर बघा!

अचलपूर-परतवाड्याहून धारणीच्या रस्त्याने घाट ओलांडला की सेमाडोहला सिपना भेटते. सिपना, गडगा, खापरा, खंडू, डोलार या मेळघाटच्या नद्या सातपुड्याचं पाणी तापीत नेऊन घालतात. फ्लाय फिशिंग म्हटलं की काश्मीर नाहीतर स्कॉटलंड आठवतं. पण डोंगरी पाण्यातले चपळ, झुंजार मासे आपल्याकडेही आहेत आणि ते अस्सल इथलेच!

ट्राउट मात्र इथला नाही. भारतात मूळचा ट्राउट एकही नाही; काश्मिरातला तपकिरी ट्राउट इंग्रजांनी १९०० च्या सुमारास स्कॉटलंडहून अंडी आणून वाढवला. त्याला बारा महिने गार पाणी हवं. वऱ्हाडातला मे महिना त्याला झेपणारच नाही.

इंग्रजांनी आपल्या एका माशाला मात्र ‘हिल ट्राउट’ म्हणून टाकलं! शास्त्रीय नाव बॅरिलियस बेंडेलिसिस. अंगावर उभे गडद पट्टे, लांबी साधारण वीतभर, कूळ रोहू-कटल्याचं. पाण्यावर किडा पडला की झडप घालतो.

फ्लाय फिशिंगची गंमत याच झडपेत आहे. आकड्याला गांडूळ नाही, कणकेची गोळी नाही. पिसं आणि दोरा गुंडाळून केलेला खोटा किडा. त्याला वजन नसतंच. म्हणून दोरीच जड असते आणि तीच किड्याला दूर घेऊन जाते.

आता आपला खरा पहिलवान, महसीर. जबड्यात एकही दात नाही! दात आहेत घशात, आणि खेकडे-शिंपले तो तिथेच चुरडतो. गळाला लागल्यावरची त्याची पहिली धाव भल्याभल्यांचा दोर संपवते. हेन्री सलिव्हन थॉमस याने १८७३ च्या ‘द रॉड इन इंडिया’ या पुस्तकात झुंजीच्या बाबतीत महसीरला साल्मनच्या वर बसवलं. १९४६ साली कावेरीच्या खोऱ्यात गळाला लागलेला महसीर १२० पौंडांचा, म्हणजे सुमारे ५४ किलोंचा होता. तापी-नर्मदेतला महसीर टॉर टॉर जातीचा. टॉर खुद्री ही जात कर्नल साइक्सने १८३९ मध्ये जगापुढे मांडली, ती पुण्याजवळच्या मुळा-मुठेतली.

याच खुद्रीची पिल्लं लोणावळ्याला टाटांच्या वळवण केंद्रात १९७० च्या दशकापासून तयार होतात. काम मोठंच. पण ती कावेरीत सोडली गेली आणि तिथला मूळचा कुबडवाला महसीर मागे पडत गेला. त्याची शास्त्रीय ओळख पटली २०१८ मध्ये, तेव्हा तो नामशेष व्हायच्या काठावर होता. मासा देशी असला तरी नदीही त्याचीच असावी लागते. मला हे फार मोलाचं वाटतं.

गळ टाकण्याचा शौक साहेबांनी शिकवला, असं समजू नका. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या बाराव्या शतकातल्या ‘मानसोल्लासा’त मत्स्यविनोद हे प्रकरणच आहे: कोणता मासा, त्याला काय खाऊ घालावं, गळ कसा असावा. इंग्रजीतलं गळावरचं पहिलं छापील पुस्तक आलं १४९६ साली! आणि महाडजवळच्या वाळणकोंडात वरदायिनी देवीच्या डोहातल्या महसिरांना कुणी गळ लावतच नाही. भाविक त्यांना खाऊ घालतात.

मेळघाट १९७४ पासून व्याघ्र प्रकल्प आहे, तेव्हा जंगलात गळ न्यायचाच नाही, काठावरून नुसतं बघायचं. पावसाळा सरून पाणी नितळलं की दिसतंही छान. उन्हाळ्यात धार तुटते आणि मोठे मासे डोहांत गोळा होतात. तेव्हा एका डोहात कुणी मासे मारायला ब्लीचिंग पावडर टाकली, तर अख्खी पिढी एका दुपारीत जाते.